घोड्याच्या टापांखालची माती : ‘वाह्याली’पासून मिहानच्या काळ्या जमिनीपर्यंत

१/ नागपूरच्या दक्षिणेस वर्धा मार्गालगत खापरी, शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या शिवारात ‘मिहान’ प्रकल्प पसरला आहे. त्यासाठी २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. या परिसरातील काळ्या जमिनीवर घर बांधायचे, रस्ता करायचा, तर मातीशी आधी झगडावे लागते. पण याच जमिनीवर घोडा फिरवण्यासाठी उघडे रिंगण करायचे ठरवले, तर? आजचा धागा त्या प्रश्नाचा आहे. त्याचे उत्तर अडीच हजार वर्षांच्या इतिहासात विखुरलेले आहे.

२/ प्रथम माती समजून घेऊ. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली ही कपाशीची काळी जमीन, म्हणजेच रेगूर. तिच्यातील चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे एकावर एक रचलेले असतात. पाणी शिरले की पापुद्रे फुगतात, ऊन लागले की आक्रसतात. म्हणून आषाढात पाऊल उचलवत नाही असा चिखल होतो आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती भेगांतून खाली जाते, खालची फुगून वर येते. मृदाशास्त्रात या वर्गाला ‘व्हर्टिसॉल’ म्हणतात. ‘उलटणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून हे नाव आले आहे. देशभरातील मातीचे सर्वेक्षण करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे.

३/ शेतकऱ्याला हे शास्त्र फार आधीपासून ठाऊक होते. नागपूर भागात जमिनीला काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी नावे आहेत. काळी सर्वांत खोल व चिकण, मोरंड तिच्या खालोखाल, खरडी उथळ आणि खडेमिश्रित, बरडी माळाची मुरमाड. पिकाच्या हिशेबाने काळीचा मान पहिला. घोड्याच्या हिशेबाने मात्र हा क्रम जवळजवळ उलटा होतो. पाणी धरून ठेवणे हा पिकासाठी गुण आहे, तोच टापेखाली दोष ठरतो.

४/ कारण घोड्याच्या पायात आहे. साधारण साडेचारशे-पाचशे किलोचा प्राणी भरधाव धावतो तेव्हा एका क्षणी एकाच पायावर त्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नाहीत; हाडे, सांधे आणि लांब कंडरा आहेत. जमीन फार कठीण असेल तर धक्का हाडांना व सांध्यांना बसतो. फार मऊ, खोल असेल तर खूर रुततो आणि कंडरा ताणली जाते. घसरडी असेल तर पाय निसटतो, फार पकड घेणारी असेल तर सांधा पिळवटतो. सर्वांत घातक असते ती एका पावलाला कठीण आणि पुढच्या पावलाला मऊ लागणारी जमीन. घोडा पुढचे पाऊल मागच्या पावलाच्या भरवशावर टाकत असतो.

५/ ही गोष्ट लिहून ठेवणारा एक जुना जाणकार म्हणजे ग्रीक सेनानी व लेखक झेनोफन. इसवी सनपूर्व चौथ्या शतकातील त्याच्या अश्वविद्येवरील ग्रंथात तो सांगतो की, ओलसर आणि गुळगुळीत तळ चांगल्या खुरांचाही नाश करतो. उपाय म्हणून तबेल्याबाहेर चार-पाच गाड्या गोल धोंडे पसरावेत. प्रत्येक धोंडा साधारण मुठीत मावेल एवढा असावा, आणि ते विखरू नयेत म्हणून भोवती लोखंडी कडे घालावे. त्या काळी ग्रीसमध्ये नाल ठोकण्याची प्रथा नव्हती, त्यामुळे खूर टणक करणे हाच मार्ग. यातील ‘भोवती कडे’ हा तपशील विसरू नका. आजच्या रिंगणातही तो आहे.

६/ रोममध्ये जमिनीचेच नाव जागेला मिळाले. लॅटिनमध्ये ‘हारेना’ म्हणजे वाळू. रक्त शोषून घ्यावे आणि पाय घसरू नये म्हणून आखाड्यात वाळू पसरत, आणि पुढे वाळूचा तो पट्टाच ‘अरीना’ झाला. नीरोच्या काळात अन्नटंचाई असताना अलेक्झांड्रियाहून जहाज आले. लोकांना वाटले धान्य आले, पण त्यात होती दरबारी मल्लांसाठी आणलेली वाळू. रोममध्ये त्यावरून संताप उसळला, असे सुएटोनियसने नमूद केले आहे. चांगली वाळू दूरवरून आणावी लागते आणि तिची किंमत कोणीतरी मोजत असते, हे तेव्हाही खरे होते.

७/ आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘अश्वाध्यक्ष’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात घोड्याच्या चालींचे प्रकार, खुराक, औषधोपचार यांबरोबर तबेल्याच्या तळाचाही विचार आहे. प्रत्येक घोड्याची जागा चौकोनी आणि गुळगुळीत फळ्यांनी आच्छादलेली असावी, असा तेथे दंडक आहे. मूत्र आणि विष्ठा वाहून जाण्याची सोय सांगितली आहे. घोडा कोठे उभा राहतो, याची जबाबदारी राज्याने एका अधिकाऱ्यावर टाकलेली दिसते.

८/ दख्खनमधील सर्वांत मोलाचा पुरावा बाराव्या शतकातला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ ११३० च्या सुमाराचा. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे. मराठी वाचकाला हा ग्रंथ ठाऊक असतो तो त्यात सापडणाऱ्या जुन्या मराठी पद्यांमुळे. याच ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये ‘वाह्याली’ येते. वाह्याली म्हणजे हत्ती-घोडे फिरवण्याचे, खेळवण्याचे मोकळे मैदान. घोड्यावर बसून चेंडू खेळण्याचे वर्णन तेथे आहे, आणि त्यासाठी मैदान सपाट, दगडगोट्यांपासून मुक्त असावे ही अपेक्षाही आहे. आपल्या प्रदेशात अश्वारोहणाचे मैदान ‘तयार करण्याची’ कल्पना निदान नऊशे वर्षे जुनी आहे.

९/ मराठेशाहीत घोडा हा राज्याचा कणाच. पण या घोडदळाचे वेळापत्रक ठरवले ते काळ्या मातीने. मृग बरसला की फौज छावणीला परत येई, चार महिने घोडे पागेत बांधलेले असत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहीम निघे. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत शिवकाळातील हा क्रम स्पष्ट आहे : पावसाळ्यासाठी दाणा, वैरण, औषधे, घोड्यांसाठी गवताने शाकारलेली घरे यांची बेगमी आधी करायची. दसऱ्याला आपण शस्त्रे पूजतो. पण त्या मुहूर्तामागे एक साधी व्यावहारिक गोष्टही होती, ती म्हणजे तोवर जमीन वाळून टाप पेलण्याजोगी झालेली असे.

१०/ त्याच बखरीतील आणखी एक तपशील या विषयाचा गाभा आहे. सरकारी पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार नेमलेला असे, आणि त्या पंचवीस जणांमागे एक पखालजी व एक नालबंद दिलेला असे. पखालजी म्हणजे कातडी पखालीतून पाणी वाहणारा, नालबंद म्हणजे नाल ठोकणारा. प्रत्येक पंचवीस घोड्यांमागे एक माणूस पाण्यासाठी आणि एक माणूस खुरांसाठी, असे हे प्रमाण. तलवार चालवणाऱ्यांची नावे बखरींत आली. पखालजी, नालबंद, खरारा करणारा मोतद्दार, शिंगरू फिरवणारा चाबूकस्वार यांची सहसा आली नाहीत.

११/ घोडाही या भूमीला साजेसा होता. भीमेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा उंचीने लहान, काटक, कठीण खुरांचा आणि थोड्या वैरणीवर निभावणारा. सह्याद्रीच्या खडकाळ वाटा आणि देशावरचे टणक माळ यांवर हे खूर टिकत. अरबस्तानातून बंदरांवर उतरणारे उंच घोडे देखणे आणि वेगवान, पण त्यांची निगा अधिक. पुढे जेव्हा शर्यती, पोलो आणि कवायती अश्वारोहण आले तेव्हा घोडा बदलला. नव्या घोड्यासाठी जमीनही बदलणे भाग पडले.

१२/ नागपुरात हा बदल लष्करी मार्गाने आला. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर भोसल्यांचे सैन्य आणि कंपनीची फौज यांची लढाई झाली. ती नोव्हेंबरात झाली, म्हणजे दसऱ्यानंतरच्या कोरड्या जमिनीवर. त्यानंतर १८२१ मध्ये कन्हान नदीच्या काठी कामठीची छावणी वसली. छावणीत घोडदळ आले की परेडचे मैदान आणि घोडेस्वारी शिकवण्याची जागा आलीच. शत्रूवर चालून जाताना जमीन मिळेल तशी घ्यावी लागते. नव्या शिपायाला आणि नव्या घोड्याला शिकवताना मात्र तीच चाल त्याच वर्तुळात शेकडो वेळा करावी लागते. जमिनीची खरी झीज तेथे सुरू होते.

१३/ इंग्लंडमध्ये अशा शाळांच्या तळाला कातडी कमावल्यावर उरलेली ओक वृक्षाची साल पसरत. तिला ‘टॅन’ म्हणत. ती मऊ, स्वस्त आणि चर्मोद्योगाजवळ सहज मिळणारी. लाकडाचा भुसाही वापरत. दोन्हींत एकच अडचण : सेंद्रिय पदार्थ कुजतो. कुजला की धूळ होतो, भिजला की निसरडा होतो. म्हणून हा थर वारंवार काढून नवा घालावा लागे. उष्ण आणि पावसाळी हवेत हे कुजणे किती वेगाने होईल, हे विदर्भातील वाचकाला वेगळे सांगायला नको.

१४/ शर्यतींच्या मैदानांची कथा मुंबईत घडली. बॉम्बे टर्फ क्लबची स्थापना १८०२ ची. आरंभी शर्यती भायखळ्याला होत, आणि १८८३ मध्ये त्या महालक्ष्मीच्या सखल, पाणथळ जागेवर तयार केलेल्या मैदानात आल्या. म्हणजे आज मुंबईत जी विस्तीर्ण हिरवळ ‘नैसर्गिक मोकळी जागा’ वाटते, तिच्यामागे भराव, उतार आणि निचऱ्याचे बेतलेले काम आहे. १९३५ मध्ये क्लबच्या नावाआधी ‘रॉयल’ लागले. त्या किताबापेक्षाही ते गवत टिकवणे कठीण होते, कारण गवताची मुळे मातीला बांधून ठेवतात आणि प्रत्येक शर्यतीत टापा नेमकी तीच मुळे उखडतात.

१५/ येथे छावणीचा जुना हिशेब पुन्हा भेटतो. मुंबईचा हंगाम ढोबळमानाने नोव्हेंबर ते एप्रिल, आणि पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर. कोकणपट्टीत पाऊस कोसळत असताना शर्यती घाटमाथ्यापलीकडच्या पर्जन्यछायेत जातात आणि दसरा-दिवाळी उलटली की परत येतात. क्लब, तिकिटे, छायाचित्रे सारे आधुनिक झाले, तरी घोड्याने कोणत्या महिन्यात कोठे धावावे हे पाऊस आणि माती अजूनही ठरवतात.

१६/ जमीन ‘मोजण्याची’ सवयही शर्यतींनी लावली. शर्यतीपूर्वी पेनेट्रोमीटर नावाचे साधे उपकरण वापरतात : ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडायचे आणि टोकदार दांडा मातीत किती रुतला ते पाहायचे. मैदानात अनेक ठिकाणी ही नोंद घेऊन सरासरी जाहीर केली जाते. पूर्वी जाणता चाबूकस्वार जोड्याची टाच दाबून जे ओळखे, तेच आता आकड्यात आले. आकड्याचा फायदा असा की, तो मालकालाही नाकारता येत नाही.

१७/ दुसरी वाट सर्कशीची, आणि तिचा नायक मराठी. इंग्लंडमध्ये फिलिप ॲस्टली याने १७६८ पासून वर्तुळात घोडेस्वारीचे खेळ दाखवले. पुढे त्या वर्तुळाचा व्यास ४२ फूट असा रूढ झाला. त्या मापात धावत्या घोड्याच्या पाठीवर उभ्या स्वाराला तोल सावरता येतो. १८७९ मध्ये चियारिनी यांची इटालियन सर्कस मुंबईत आली. कुरुंदवाड संस्थानच्या अश्वशाळेत काम करणारे विष्णुपंत छत्रे यांनी ती पाहिली आणि १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. भारतीय सर्कशीचा आरंभ एका अश्वशिक्षकाने केला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१८/ फिरत्या सर्कशीच्या अडचणीचा विचार करा. महालक्ष्मीचे मैदान एका जागी असते, सर्कशीचे रिंगण मात्र प्रत्येक गावी नवे. आज कोल्हापूरची तांबूस माती, उद्या सोलापूरची काळी, परवा कोकणातला जांभा. घोड्याला मात्र काल होते तेच वर्तुळ आज हवे, नाहीतर पाठीवर उभा असलेला माणूस कोसळतो. म्हणून गावोगाव माती खणणे, खडे वेचणे, भुसा मिसळणे, पाणी शिंपणे आणि वर्तुळाच्या कडेला माती किंचित उचलून घेणे हे काम तंबूच्या खांबांइतकेच महत्त्वाचे. प्रेक्षक येण्याआधी ते संपलेले असे, त्यामुळे ते कोणी पाहिले नाही.

१९/ महाराष्ट्रात घोड्याचे सर्वांत लोकप्रिय रिंगण मात्र भक्तीचे आहे. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी दिले. सोहळ्यातील अश्व बेळगाव भागातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण होते, पुढे ठिकठिकाणी गोल रिंगण. एका अश्वावर पताका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्यावर कोणीच नसते, कारण त्यावर माउली आरूढ आहेत अशी श्रद्धा. अश्व धावून गेले की वारकरी टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात.

२०/ ऐन आषाढ तोंडावर असताना, हजारो पावलांनी तुडवलेल्या मोकळ्या रानात ही दौड होते. म्हणून जागा आधी सपाट करणे, दगड-काटे वेचणे, वर्तुळ मोकळे राखणे या गोष्टींना महत्त्व येते. कपाळाला लावली जाणारी ती माती आधी कोणीतरी हाताने निवडलेली असते.

२१/ मातीची मशागत आपल्या संस्कृतीला परकी नाही. कोल्हापूरच्या तालमींत हौद्याची तांबडी माती चाळतात, तीत ताक, तेल, हळद, लिंबू मिसळतात, रोज खणून भुसभुशीत करतात. शाहू महाराजांच्या पुढाकाराने उभारलेले खासबाग मैदान १९१२ चे. शेतातले खळे याच्या उलट : माती भिजवून, बैल फिरवून, शेणाने सारवून टणक करायची, म्हणजे दाणा मातीत मिसळत नाही. हौदा मऊ हवा, खळे कठीण हवे. घोड्याच्या रिंगणाला या दोन्हींच्या मधले काहीतरी हवे असते, आणि म्हणूनच ते सर्वांत अवघड.

२२/ विसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नाला प्रयोगशाळा मिळाली. इंग्लंडमध्ये लिंगफील्ड येथे १९८९ मध्ये बारमाही कृत्रिम धावपट्टीवर शर्यती सुरू झाल्या. तीत वाळूच्या कणांवर पॉलिमरचा लेप होता. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या पुढाकाराने मैदानांच्या पृष्ठभागावर एक सविस्तर शास्त्रीय अहवाल निघाला. त्यात जमीन जोखण्याचे निकष आले : आघाताची कठीणता, धक्का शोषणे, ऊर्जा परत देणे, पकड आणि सर्वत्र सारखेपणा. घोड्याच्या पायाची नक्कल करणारे यंत्र वापरून हे गुण मोजता येतात. झेनोफन ज्या प्रश्नाशी थबकला होता त्याला आता एकके मिळाली.

२३/ आता मिहानच्या शिवाराकडे परत येऊ. कवायती अश्वारोहणाचे प्रमाण रिंगण ६० मीटर लांब, २० मीटर रुंद. काळ्या मातीवर थेट रेती टाकली, तर पहिल्याच पावसाळ्यात खालची चिकणमाती वर येते आणि रेती खाली जाते. ही माती उलटते, हे तिच्या नावातच आहे. म्हणून काळा थर काढायचा, मुरूम भरून दाबायचा, कडेने पाण्याचे चर घ्यायचे, त्यावर गिट्टीचा थर, दोन थर मिसळू नयेत म्हणून मध्ये जिओटेक्स्टाइलचे कापड, आणि शंभर फुटांना एक-दोन फूट उतार. एवढे झाल्यावर सर्वांत वर रेती, तीही दोन-तीन इंचच. तीन इंच म्हटले तरी सुमारे ९० घनमीटर भरते. थर जाड केला की घोडा रुततो; ‘जास्त रेती म्हणजे जास्त मऊपणा’ हा समज कंडरांना महागात पडतो.

२४/ रेती कोणती, हाही प्रश्न आहे. पश्चिम महाराष्ट्र जिला वाळू म्हणतो ती विदर्भाची रेती. नागपूरकर बांधकामासाठी कन्हानची रेती ओळखतात. पण नदीत लोळत आलेला कण गोलसर होतो, आणि गोल कण टापेखाली मण्यांसारखे सरकतात. रिंगणाला थोडे कोनदार, कठीण, चाळून धुतलेले कण लागतात, म्हणजे ते एकमेकांत गुंततात. शिवाय नदीची रेती उपसली की पात्राची पाणी धरण्याची शक्ती घटते. रोमच्या त्या जहाजाप्रमाणे येथेही विचारावे लागते : ही वाळू कोणाच्या वाट्याची?

२५/ बांधकाम एकदाच होते, निगा मात्र रोजची. टापा नेहमी कडेच्या त्याच पट्ट्यावर पडतात, तेथे खाच तयार होते आणि रेती बाहेर फेकली जाते. म्हणून कडेला फळ्यांचे कडे, झेनोफनच्या लोखंडी कड्याचे वंशज. दररोज दंताळ्यासारखा फणा फिरवून रेती आत ओढायची. पण वखर धरावा तसा खोल धरायचा नाही, कारण दात खालच्या मुरमाला लागला की सारा थर बिघडतो. फणा फिरवण्याची दिशाही बदलत राहायची. लीद लगेच उचलायची, नाहीतर ती कुजून धूळ होते आणि निचरा बुजवते. ठिकठिकाणी काठी खुपसून थराची जाडी पाहायची. हे सारे अंगणातल्या सडा-संमार्जनासारखेच : एक दिवस चुकले तर दिसत नाही, महिना चुकला तर लपत नाही.

२६/ नागपूरचे ऋतू या कामाची परीक्षा घेतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. सकाळी शिंपलेले पाणी दुपारपर्यंत उडून जाते. कोरडी रेती पकड सोडते आणि धूळ उठते. तिच्यातील सिलिकाचे सूक्ष्म कण घोड्याच्या फुप्फुसात जातात, तसेच फणा ओढणाऱ्या माणसाच्याही. मग जून ते सप्टेंबर : वर्षाचा हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस बहुतांशी याच काळात. तेव्हा चर तुंबलेले नाहीत ना, बाहेरचे पाणी आत येत नाही ना, एवढेच पाहायचे, आणि साचलेल्या पाण्यात घोडा उतरवायचा नाही. ओली रेती घट्ट बसते आणि तिच्यावर घोडा उत्तम चालतो. तुडुंब रेती मात्र फसवी. हा फरक रोज मातीत वाकणाऱ्या माणसाला आधी कळतो.

२७/ मैदानाच्या उद्घाटनाला पैसा मिळतो. पाण्याच्या टँकरला, फण्याला आणि तो चालवणाऱ्याच्या पगाराला मिळेलच असे नाही. हिशेब सोपा आहे. रिंगणावरची काटकसर घोड्याच्या पायातून वसूल होते. कंडरा एकदा फाटली की भरून यायला कित्येक महिने लागतात आणि ती पूर्वीसारखी क्वचितच होते. घोडा लंगडेपर्यंत तक्रार करत नाही. शिकाऊ घोड्यांवर तर रोज नवे स्वार बसतात, त्यामुळे पहिली कुरबूर ओळखणारा बहुधा मोतद्दारच असतो. त्याचे म्हणणे ऐकले जाते का, यावर घोड्याचे आयुष्य ठरते.

२८/ शिवकाळातील पागेने पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमला होता, हे म्हणून लक्षात ठेवावे. पाणी आणि खूर यांची जबाबदारी तेथे कोणाच्या मर्जीवर सोडलेली नव्हती, ती फौजेच्या रचनेतच बसवलेली होती. आज रिंगण बांधणाऱ्या किंवा मुलांना घोडेस्वारीला पाठवणाऱ्या कोणीही पहिला प्रश्न हाच विचारावा : येथे मातीची निगा कोण राखतो, आणि त्याला त्यासाठी वेळ व पाणी मिळते का?

२९/ धागा येथे संपतो. आपल्या गावात ‘पागा’, ‘घोडेपीर’, ‘रिंगणाचा माळ’ अशा नावाची एखादी जागा असेल, घरात कोणी नालबंद किंवा चाबूकस्वार होऊन गेले असतील, तर खाली जरूर लिहा. जागेचे नाव, मातीचा प्रकार आणि ती जागा कोण राखत असे, एवढे तीन तपशील दिले तरी पुरे. बखरीत न आलेली काही नावे निदान येथे तरी नोंदली जातील.